सात-चाळीसचा बदल

१९ फेब्रुवारी

पुन्हा सुरू. मागची वही भिजून लगदा झाली. ही जहाजावरच्या आचाऱ्याकडून मिळवली. पहिल्या पानावर त्याने बायकोला लिहायला घेतलेलं पत्र आहे. 'प्रिय' पर्यंत पोचलाय. दुसऱ्या पानावरही 'प्रिय'. मग म्हणाला, "घे बाबा तूच. मला डाळ-तांदूळ मोजता येतात, शब्द नाही."

लढाईच्या काळात जहाजावर रोजनिशी ठेवायला सक्त बंदी आहे. शत्रूच्या हाती पडली तर? पडू दे! कुठे आहोत हे मला तरी कुठे माहीत आहे? चारी बाजूंनी पाणी, हेच काय ते गुपित. वही उशीच्या अभ्र्यात, मोज्यांच्या आत. माझ्या मोज्यांना हात लावायची कुणाची छाती नाही.

काम तेच. पहाटे चार ते सकाळी आठ, ब्रिजच्या, म्हणजे जिथून जहाज हाकतात त्या मजल्याच्या, उजव्या कठड्यापाशी टेहळणी. मी आणि मास्तर. आमच्या बाजूच्या समुद्राचे दोन तुकडे केलेत. जहाजाच्या नाकापासून मधल्या खांबापर्यंत पुढची हद्द, खांबापासून शेपटापर्यंत मागची. दर वीस मिनिटांनी अदलाबदल, कारण एकाच पाण्याकडे बघून डोळे मरतात. आत बसलेला संदेशवाला घड्याळ बघून "बदल!" म्हणून ओरडतो आणि नोंदवहीत वेळ टाकतो. आम्ही खरंच बदललो की नाही ते तो बघत नाही. त्याला तिथून दिसतही नाही.

कठड्यावर पितळी पट्टी ठोकलेली आहे — 'आधी सांगा, मग ओळखा.' म्हणजे पाण्यावर काहीही दिसलं तरी आधी ओरडायचं. काय आहे ते नंतर.

२१ फेब्रुवारी

बोटं बधिर. पेन्सिल धरवत नाही.

२२ फेब्रुवारी

मास्तरांबद्दल लिहायचं राहिलं. चाळिशी ओलांडलेली. शाळेत भूगोल शिकवायचे. सगळ्या जगाचे समुद्र फळ्यावर काढले, आणि खरा पहिल्यांदा बघितला तो इथे येऊन! अजून खिशात खडू असतो. म्हणतात, खडू नसला की हात उघडे पडल्यासारखे वाटतात. जेवणाच्या खोलीत वेळापत्रकाचा फळा आहे, त्यावर रोज काहीतरी खरडतात. आचाऱ्याच्या पावावर, कप्तानांच्या हाताखालच्या धाकट्या साहेबांच्या मिशीवर, कुणाच्या घोरण्यावर. पोटभर जेवण मिळालं नाही तरी चार ओळी मिळतातच.

मी घड्याळजीचा मुलगा. बाबा म्हणायचे, "भिंग कशाला? याला बोलवा." हरवलेला स्क्रू, सुटलेला काटा, फरशीच्या फटीतली कमान, सगळं मी शोधायचो. भरतीच्या वेळी डोळे तपासणारा डॉक्टर तक्ता संपला तरी मागे मागे सरकवत राहिला. शेवटी म्हणाला, "आता भिंत आली." तेव्हा केवढा फुगलो होतो!

अकरा मालवाहू जहाजं आणि त्यांना सांभाळायला आम्ही तीन विनाशिका. आमच्या डाव्या हाताला जे जुनं, गोल, धापा टाकत चालणारं जहाज आहे, त्याला आम्ही 'मावशी' म्हणतो. तिच्या डेकवर कायम धुणं वाळत असतं. लढाई असो, वादळ असो, मावशीचं धुणं चुकत नाही. तिच्यावरचा एक लाल शर्टवाला सकाळी आठला कप घेऊन कठड्यावर येतो. मीही पाळी संपली की डाव्या बाजूला चहा घेऊन जातो. तो कप उंचावतो, मी उंचावतो. दोन आठवडे झाले. नाव माहीत नाही, आवाज ऐकलेला नाही. पण तो दिसला नाही तर चहा गोड लागत नाही.

२६ फेब्रुवारी

आज माझं हसं झालं. पार धिंडवडे!

सकाळी सातला, पुढची हद्द माझ्याकडे. पाण्यात सरळ पांढरी रेघ, आमच्याकडे येणारी. पट्टीवरचा नियम पाळला. बेंबीच्या देठापासून ओरडलो — "टॉर्पेडो! उजवीकडे, पुढे!" कप्तानांनी जहाज असं गर्रकन वळवलं की सगळं एका अंगावर झोपलं. आणि मग टॉर्पेडोने पाण्याबाहेर उडी मारली. पांढरं पोट दाखवलं. मागोमाग आणखी पाच जणांनी मारली. डॉल्फिन!

खाली सूपचं पातेलं कलंडलं. आचाऱ्याचा डावा हात कोपरापर्यंत भाजला. बॉयलरपाशी काम करणाऱ्या बंबवाल्याचा दात पडला. दीडशे जणांना दुपारी कोरडा पाव.

कप्तान — सगळे त्यांना म्हातारा म्हणतात, पण मनाने भला माणूस — माझ्याजवळ येऊन म्हणाले, "बरोबर केलंस. पुन्हा दिसलं तर पुन्हा ओरड." धाकटे साहेब मात्र करवादले, "जहाज म्हणजे तुझी सायकल नव्हे, वाटेल तेव्हा वळवायला."

आचाऱ्याकडे माफी मागायला गेलो. हाताला पट्ट्या. म्हणाला, "चल, पाव कापून दे. माझा एक हात तू आहेस आता."

२७ फेब्रुवारी

फळ्यावर, मास्तरांच्या वळणदार अक्षरात —

'दुर्बिणीतून दिसला वैरी, उठली सारी बोट,
वैऱ्याने मग उडी मारली, दाखवलं पांढरं पोट!'

मीही हसलो. काय करणार? चांगलं जमलं होतं.

२८ फेब्रुवारी

माझं नाव 'पोट' पडलं. "पोट, मीठ दे." "पोट, सरक." संदेशवाल्याने तर कमालच केली — दिव्याच्या उघडझापीने सगळी कविता मावशीला कळवली! आज आठ वाजता लाल शर्टवाला कठड्यावर आला, शर्ट वर केला आणि स्वतःच्या पोटावर दोन थापा मारल्या. मावशीवरचे सगळे हसत होते. मीही हसलो. पण चहा अर्धा टाकून दिला.

२ मार्च

अजून तेच चालू आहे. बंबाच्या खोलीत चाल लावलीय. दात पडलेला बंबवाला तर 'बोट'ला फटीतून शिट्टी वाजवतो. मास्तरांना म्हटलं, "पुसा हो तो फळा." म्हणाले, "अरे, आठवड्यात विसरतील. हसतायत तोवर हसू दे, कुणाला हसायला मिळतंय इथे?" खरं आहे. पण दुर्बीण डोळ्याला लावली की आता ते दोन चरण आपोआप सुरू होतात. डोक्यातून काढता येत नाहीत.

५ मार्च

पिंप दिसलं. तरंगतं, रिकामं, शेवाळलेलं. नियमाप्रमाणे ओरडलो. धाकटे साहेब बाहेर आले, बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "यापुढे खात्री करून तोंड उघडायचं. कळलं?"

"हो साहेब."

पितळी पट्टी आमच्या दोघांच्या मध्येच होती. मी पट्टीकडे बघितलं, त्यांनी बघितलं नाही. मास्तर माझ्याकडे बघत होते.

७ मार्च

मावशी गेली.

८ मार्च

लिहून टाकतो. कुणालातरी सांगायलाच हवं, आणि माणसाला सांगायची हिंमत नाही.

काल उजव्या अंगाला, पुढे, सूर्य वर आला होता. पाण्यावर उन्हाचा पट्टा, डोळ्यांत सुया टोचाव्यात असा. सात-वीसपासून पुढची हद्द माझ्याकडे. सात-चाळीसला संदेशवाला आतून ओरडला, "बदल!" मास्तर दुर्बिणीची काच पुसत होते. लाट अंगावर आली की मिठाचा थर बसतो. म्हणाले, "एक मिनिट थांब. पुसून होऊ दे, मग बदलू." म्हणून मी पुढेच बघत राहिलो. नोंदवहीत बदल झाला, आमच्यात झाला नाही.

मग उन्हाच्या पट्ट्यात रेघ दिसली. पांढरी, सरळ. मला दिसली! नीट, स्वच्छ दिसली. तोंड उघडलं आणि आवाज बाहेर येईना. मनात ती ओळ. 'वैऱ्याने मग उडी मारली.' मी उडीची वाट बघू लागलो. आता उडी मारेल. आता पोट दाखवेल. दहा सेकंद असतील, बारा असतील. रेघ आमच्या नाकापुढून पलीकडे गेली आणि दिसेनाशी झाली. मी मनात म्हटलं — गेला मासा. बरं झालं ओरडलो नाही.

असंच म्हटलं. शब्द न् शब्द आठवतोय.

आणि मग डावीकडून आवाज आला. आवाज आधी पायांना कळला, मग कानांना. वळून बघितलं तर मावशीच्या मध्यावर पाण्याचा उंच खांब, आणि खांब खाली बसला तेव्हा मावशीचे दोन तुकडे होते. चार मिनिटांत पाण्यावर फक्त तेल आणि धुणं.

अठ्ठावन्न जण होते तिच्यावर. तेरा मिळाले.

आज सकाळी कप्तान धाकट्या साहेबांना सांगत होते, ते कानावर आलं. "वीस सेकंद आधी कळलं असतं ना, तर भोंगा देऊन तिला वळवता आलं असतं. म्हातारी होती, पण वळली असती."

बारा सेकंद मी नुसता बघत होतो. त्यानंतर स्फोटापर्यंत निदान तीस सेकंद गेले असतील. तिसात वीस बसतात.

कुणालाही माहीत नाही. सगळे म्हणतायत, त्या उन्हात देवालाही दिसलं नसतं. बंबवाल्याने खांद्यावर हात ठेवला. "तू काय करणार रे, पोट."

९ मार्च

लाल शर्टवाला वाचला.

त्याला तेलातून मीच शोधला होता. तेव्हा मात्र ओरडलो — "माणूस! डावीकडे, माणूस!" सगळे दिसतात मला, बुडाल्यावर. तेव्हा तो ओळखू आला नव्हता, नखशिखांत काळा. आज जेवणाच्या खोलीत घोंगडी पांघरून बसला होता. मी चहा दिला. त्याने कप उंचावला, सवयीने, आणि थबकला.

"तू पोट ना? तूच ना तो?"

त्याचा आवाज पातळ आहे. मला वाटायचं भारदस्त असेल.

मला जवळ ओढून माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुझ्या डोळ्यांमुळे वाचलो, असं सांगितलं मला यांनी." मग म्हणाला, त्याचा मेहुणा — धाकट्या बहिणीचा नवरा — खाली इंजिनात होता. यानेच त्याला नोकरी लावून दिली होती. "ताईला काय सांगू? धाकटी असली तरी ताईच म्हणतो तिला. लहानपणापासून माझ्यावर दादागिरी करायची." हसला. हसताना रडायला लागला.

मग अगदी सहज विचारलं. रागाने नाही, एखादी शंका विचारावी तसं. "तो टॉर्पेडो येताना नाही का रे दिसला तुला? एवढं लांबचं दिसतं तुला."

मी म्हटलं, "ऊन होतं."

"हो. ऊन होतंच," तो म्हणाला. मलाच समजावल्यासारखं.

कप विसळायच्या निमित्ताने उठलो आणि तोच कप पुन्हा पुन्हा विसळत राहिलो.

१० मार्च

चौकशी झाली. कप्तानांची खोली, चार पावलं लांब, तीन रुंद. टेबलावर नोंदवही. कप्तान, धाकटे साहेब, संदेशवाला, मास्तर, मी.

संदेशवाल्याने वाचलं — "सात-चाळीस, बदल."

कप्तान म्हणाले, "म्हणजे सात-चाळीसनंतर पुढची हद्द मास्तरांकडे. टॉर्पेडो पुढून गेला. सात-त्रेचाळीस."

आता मास्तर सांगतील, असं वाटलं. एकच वाक्य तर होतं. 'साहेब, मी काच पुसत होतो, आम्ही बदललो नव्हतो.' मी मान खाली घालून त्या वाक्याची वाट बघत होतो. खरं सांगतो, ते आलं असतं तर मी सगळं कबूल केलं असतं. असं मला वाटतं.

मास्तर म्हणाले, "हो साहेब. पुढे माझ्याकडे होतं."

"काय दिसलं?"

"काही नाही. काच पुसत होतो."

"बदल झाल्यावर? दुर्बीण खाली ठेवून? नियम माहीत नाही? आधी पुसायचं, मग हद्द घ्यायची!"

"चूक झाली साहेब."

कप्तानांचा चेहरा एकदम म्हातारा झाला. माझ्याकडे वळले. "आणि तू मागच्या हद्दीत होतास?"

मी म्हटलं, "हो साहेब."

११ मार्च

हो साहेब. हो साहेब. दोन शब्दांत माणूस विकता येतो.

१२ मार्च

मास्तरांना टेहळणीवरून काढलं. बंदराला लागलो की लष्करी न्यायालयासमोर उभं करणार. कुणी म्हणतं पाच वर्षं, कुणी म्हणतं पंचेचाळीस माणसं गेली, त्याहून वाईट होईल. तोवर मुदपाकखान्यात बटाटे सोलायचे.

आमच्या जहाजावर एक रीत आहे. ज्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याचा कप खुंटीवरून काढून टेबलावर पालथा ठेवतात. कोण ठेवतं ते कधी कळत नाही. चोराचा ठेवला होता एकदा. पुढच्याच बंदरात तो दुसरीकडे बदली मागून गेला. आज सकाळी मास्तरांचा कप पालथा होता.

मास्तर आले, कपाकडे बघितलं, उभे राहिले. कुणीही वर बघितलं नाही. लाल शर्टवाला त्यांच्याकडे असा बघत होता की मला बसवेना. शेवटी आचारी आत आला, भाजलेल्या हाताने कप सरळ केला आणि चहा ओतला. "माझ्या खोलीतले कप मी ठरवतो," म्हणाला.

माझ्यापासून तो कप हातभर अंतरावर होता. मला सरळ करता आला असता. नाही केला.

कुणीतरी फळाही पुसलाय. आता नुसतं वेळापत्रक.

१३ मार्च

माझ्या जोडीला नवीन माणूस दिलाय. चांगला आहे. "बदल" म्हटलं की लगेच बदलतो. आज मला चार वेळा पाण्यावर रेघा दिसल्या. एकही नव्हती. डोळे मिटले तरी दिसतात.

आता मला कुणी 'पोट' म्हणत नाही. मेल्या माणसाबद्दल बोलावं तसे जपून बोलतात.

१४ मार्च

आज गेलो. मुदपाकखान्यात आचारी नव्हता, मास्तर एकटेच बादलीवर वाकलेले. दार लावून घेतलं.

"मास्तर, आपण बदललो नव्हतो."

सोलतच राहिले. "बघ, साल अशी एका दमात निघाली पाहिजे. तुटली की समजायचं, घाई केली."

"मास्तर! ऐका ना. पुढे मी होतो."

"सात-चाळीसला 'बदल' म्हटलं. म्हटलं की हद्द बदलते. कागदावर तेच आहे आणि न्यायालयात कागद चालतो. जा, तुझी झोपायची वेळ आहे."

"तुम्हाला आठवत नाही का?"

"मला आता काहीही आठवत नाही," म्हणाले. वर बघितलं नाही.

बाहेर आलो. आणि मला हायसं वाटलं! हे लिहायची लाज वाटते, पण लिहितो. त्यांना आठवत नाही म्हटल्यावर माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. जिना चढताना पाय हलके झाले होते. वर पोचेपर्यंत स्वतःची एवढी किळस आली की पायरीवरच बसलो.

१५ मार्च

घरी पत्र लिहायला घेतलं. 'मी सुखरूप आहे.' फाडलं. 'मी बरा आहे.' फाडलं. आता मीही 'प्रिय' पर्यंतच पोचतो.

बायकोचं शेवटचं पत्र खिशात आहे. घड्यांवर विरलंय. 'लेक आता बसायला लागली. तुमच्यासारखीच आहे, जमिनीवरचं सगळं बारीक शोधून तोंडात घालते. मामंजी म्हणतात, नजर आजोबांच्या दुकानाची आहे. तुम्ही पहाऱ्यावर असता तेव्हा आम्हाला भीती वाटत नाही. तुम्हाला दिसेलच.'

तुम्हाला दिसेलच.

सकाळी आठनंतर डाव्या बाजूला गेलो. रिकामं पाणी. कठड्याला पोट टेकून कितीतरी वेळ उभा होतो. पाणी फार जवळ वाटत होतं, आणि तिकडे जाणं फार सोपं. आचारी मागून आला आणि म्हणाला, "पाव कापायचाय." हाताला धरूनच नेलं. त्याचा हात केव्हाच बरा झालाय. पाव त्याला कापता येतो.

१६ मार्च

दुपारी जमीन दिसली. मलाच आधी दिसली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. उद्या सकाळी बंदर.

मास्तर डेकवर सालींची बादली समुद्रात उपडी करत होते. उद्या त्यांना उतरवून नेणार. माझ्याकडे शेवटचा दिवस होता. जवळ जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, एक शब्द आठवेना. तेच बोलले. समुद्राकडे बघत, वर्गात धडा सांगावा तशा आवाजात.

"मी काच पुसत होतो तेव्हा तुझ्याकडे बघत होतो."

मला कळलं नाही.

"तू दुर्बीण एकाच जागी रोखून धरलीस. टेहळ्या असा थांबत नाही, नजर फिरवत राहतो. थांबतो तो काहीतरी दिसलं की. मला वाटलं, आता ओरडेल. तर तुझे ओठ हलायला लागले. आवाज नाही, नुसते ओठ. वर्गात पंधरा वर्षं काढलीत मी. पोरं मनात कविता म्हणायला लागली की ओठांवरून कुठली ते कळतं."

मी कठडा धरला.

"बोट, पोट," मास्तर म्हणाले. "माझीच होती. चांगली जमली म्हणून केवढा खूश होतो. तू पुसायला सांगितलंस तेव्हा पुसली नाही. तुझं तोंड मी बंद केलं रे. खडूने बंद केलं."

"आणि तुम्ही का नाही ओरडलात?" माझ्या तोंडून गेलंच. "मी बघतोय हे कळलं होतं तर!"

"मीही वाट बघत होतो," म्हणाले. "मासाच असेल म्हणून."

मास्तरांनी रिकामी बादली खाली ठेवली. मग घाईघाईने, खालच्या आवाजात सांगायला लागले. तुझी लेक लहान आहे. मला मागे एक बहीण, तीही वर्षानुवर्षं बोलत नाही. कुणाला तरी जायचंय, मी जातो. हिशेब सरळ आहे. तू फक्त गप्प बस. "गप्प बसायला तुला जमतं," असं म्हणाले आणि लगेच जीभ चावली. "तसं नव्हतं म्हणायचं मला. चुकलो."

पण ते खरंच होतं. गप्प बसायला मला फार छान जमतं.

जाताना खिशातून खडू काढून माझ्या हातात दिला. अर्धाच उरलाय. "मला तिथे काही लिहायचं नाही," म्हणाले.

संध्याकाळपासून तो मुठीत धरून बसलोय. घामाने मऊ झालाय. ते म्हणतात तसं केलं तर मी घरी जाईन. लेकीला मांडीवर घेईन. बाबांच्या दुकानात बसून लोकांची घड्याळं दुरुस्त करीन. लाल शर्टवाला एखाद्या दिवशी बहिणीला घेऊन येईल, मला दाखवून म्हणेल, याच्या डोळ्यांमुळे मी वाचलो. ती माझ्या पाया पडेल. आणि मी म्हणेन, ऊन होतं.

नाही.

पण त्या खोलीत कप्तानांसमोर उभा राहिलो की माझी बोबडी वळते. तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा 'हो साहेब' येईल. माझ्या तोंडावर माझा विश्वास नाही.

१७ मार्च, सकाळी सहा

कप्तानसाहेब,

जहाजावर वही ठेवली, हा गुन्हा कबूल. मागची पानं वाचली नाहीत तरी चालेल, फक्त ८ मार्चचं पान वाचा. बदल झाला नव्हता. पुढची हद्द माझी होती, आणि मला दिसलं होतं. मास्तर खोटं बोलले ते माझ्यासाठी. फळ्यावर दोन ओळी लिहिणं गुन्हा नाही.

मुदपाकखान्यात जाऊन त्यांचा कप खुंटीवर लावून आलोय. तुमचं वाचून होईपर्यंत मी दाराबाहेर उभा आहे.